तिसऱ्या जेवणाचं प्रवचन

आमच्या खालच्या फ्लॅटमधले काका शनिवारी अंधार पडता पडता जे बोलायचे, ते त्यांना आठवड्याच्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी बोलता यायचं नाही. आवाज तोच, माणूस तोच, खुर्चीसुद्धा तीच. पण रविवारी सकाळी तेच परत सांगा म्हटलं की ते चष्मा पुसत बसायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाआधीचा अख्खा हिवाळा आम्ही या एकाच अडचणीवर उपाय शोधण्यात घालवला, आणि त्या हिवाळ्यात मी जितकी हसले तितकी त्याआधी किंवा त्यानंतर कधी हसलेली नाही.

आधी कोण कोण ते सांगते. तेव्हा आम्ही लंडनमध्ये हेंडनला राहत होतो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी वॉटफर्डला दातांच्या एका दवाखान्याची मॅनेजर होते: अपॉइंटमेंट, लोकांच्या रजा, सामानाच्या ऑर्डरी, गळका नळ, सगळं माझ्याकडे. घरीही स्वभाव तोच. एक यादी फ्रीजवर, एक पर्समध्ये, आणि या दोन्ही याद्यांत काय आहे त्याची नोंद डायरीत. नवरा म्हणायचा, आपल्या घरात हवासुद्धा नाव नोंदवून आत येते.

काका-काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. अलिबागकडे त्यांच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. काका तरुणपणी लंडनला आले आणि ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, एका स्टेशनावर सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. घाणा गेला, स्टेशन गेलं, शनिवार मात्र तसाच राहिला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ: स्वयंपाक नाही, खरेदी नाही, दिव्याचं बटण नाही, आणि लिहिणं तर अजिबात नाही.

मी दर शनिवारी सकाळी वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजीला जायचे आणि काकूंचीही भाजी आणायचे. शब्बाथ असेपर्यंत त्या पिशवीला हात लावायच्या नाहीत, म्हणून पिशवी माझ्याकडे राहायची आणि संध्याकाळी मी खाली न्यायचे. एकदा मी जरा लवकर गेले. काकूंनी पिशवी बाहेर पॅसेजमध्ये ठेवायला लावली आणि मला आत बसवलं. ते शब्बाथचं तिसरं जेवण होतं, दिवस मावळतानाचं. थंड तळलेली मच्छी, चपात्या, चटणी, सोलकढी. खोलीत अंधार वाढत होता आणि कोणी दिवा लावत नव्हतं. त्या अंधारात काका बोलायला लागले.

ते बोलणं साधं नव्हतं. अलिबागला त्यांच्या लहानपणी त्यांच्या समाजात मराठी कीर्तनं व्हायची. विषय तोरातले, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातले, थाट आपल्या कीर्तनाचा. काका तिथे झांजा वाजवायचे. शब्बाथला वाद्य चालत नाही म्हणून झांजांची जागा टेबलावरच्या बोटांनी घेतली होती, बाकी सगळं तसंच होतं: आधी एक प्रश्न, मग पाल्हाळ, मग गोष्ट, मध्येच एखादी चाल, आणि श्रोता पुरता गुंतला की परत पहिल्या प्रश्नावर. मी पिशवी विसरले. कोथिंबीर पॅसेजमध्ये सुकून गेली.

त्यानंतर मी दर शनिवारी लवकरच जायला लागले.

त्याच शरदात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. ती फार्मासिस्ट, इथेच जन्मलेली. मुलगा गोल्डर्स ग्रीनचा, मूळ पोलंडकडच्या हसिदी, म्हणजे कडक धर्म पाळणाऱ्या भक्तिपंथी यहुदी, घराण्यातला. मुलाचे वडील, म्हणजे होणारे व्याही, चष्म्याच्या दुकानाचे मालक. उंच, लांब काळा कोट, आणि बोलताना समोरच्याच्या कोपराला धरायची सवय. साखरपुड्याला ते काकांसाठी एक जड खोकं घेऊन आले. आत पाच जाड खंड होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, दर शनिवारी संध्याकाळी केलेली प्रवचनं, एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर इंग्लिश. तोरा आठवड्याआठवड्याने वाचत वर्षात पूर्ण करतात, आणि प्रत्येक आठवड्याच्या पाठावर यात एकेक प्रवचन आहे. कोणत्या आठवड्यात कोणता पाठ हे आधीच ठरलेलं असतं, हे कळल्यावर मला त्या धर्माबद्दल फार आदर वाटला.

व्याही म्हणाले, आमच्या घरी तीन पिढ्या तिसऱ्या जेवणाला यातलंच वाचतात आणि त्यावर बोलतात. लग्नानंतरच्या शब्बाथला तुम्ही आमच्याकडे असाल. त्या संध्याकाळी बोलायचा मान मुलीच्या वडिलांचा.

काका हसून हो म्हणाले. ते घरी आले आणि खोकं कोपऱ्यात ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसले.

यामागे एक जुनी गोष्ट होती, आणि ती हसण्यासारखी नव्हती. काका तरुण असताना त्यांच्या लोकांना बाहेरच्या काही रब्बींनी विचारलं होतं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? त्याची उत्तरं देता देता त्यांच्या वडिलांच्या पिढीचं आयुष्य गेलं. आता हे घर तसलं नव्हतं, व्याही तर मुळीच नव्हते. पण काकांच्या डोक्यात तो प्रश्न जिवंत होता. गोल्डर्स ग्रीनच्या त्या टेबलावर, जिथे सगळे लहानपणापासून हे ग्रंथ वाचत आले होते, तिथे आपण अडखळलो तर नाव आपलं एकट्याचं जाणार नाही, मुलगी ज्या घरी नांदणार तिथे तिची मान खाली जाईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी हे मला सांगितलं नाही. काकूंनी जिन्यात सांगितलं.

म्हणून आम्ही तयारीला लागलो. पाठ ठरलेला होता: लग्न जानेवारीच्या शेवटी, त्या आठवड्यात मिसरमधून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटलेले लोक रानात येतात आणि त्यांच्यासाठी आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडतं. काका त्या त्या आठवड्याचं प्रवचन वाचायचे आणि जोडीला मान्नाचं. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या अंगात यायचं. रविवारी मी कागद घेऊन गेले की काही नाही. इंग्लिशमध्ये बोलायला सांगितलं तर आणखी वाईट. त्यांचं इंग्लिश उत्तम होतं, पण ते सगळं स्टेशनावर शिकलेलं. रानातल्या चमत्काराचं वर्णन ऐकताना वाटायचं, आता हे दरवाजांपासून दूर उभे राहायला सांगणार.

उपाय त्या ग्रंथातूनच निघाला. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं की रब्बी बोलायचे तेव्हा शब्बाथ असायचा, त्यामुळे कोणाला लिहिता यायचं नाही. पक्क्या स्मरणाचे दोन-तीन शिष्य सगळं डोक्यात साठवायचे, आणि तारे दिसले की बसून, भांडून, जुळवून लिहून काढायचे. हे पाचही खंड तसे तयार झालेले. काकांनी हे मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तुझं स्मरण कसं आहे?"

"माझी डायरी चांगली आहे, काका."

"डायरी नको. तुला शब्बाथला लिहिलेलं चालेल, पण तू लिहायला लागलीस की मी तुझ्या पेनाकडे बघत बसेन."

झालं. म्हणजे मी, जिला दूध संपलंय हे लक्षात ठेवायला तीन कागद लागतात, ती एका माणसाचं कीर्तन डोक्यात भरून वर आणायची. पहिल्या शनिवारी मी मुद्दे बोटांवर धरले. करंगळीवर प्रश्न, अनामिकेवर उंटाची गोष्ट, असं करत दोन्ही मुठी आवळून मी जिना चढले. वाटेत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, त्यांना मान हलवूनसुद्धा हॅलो केलं नाही. दारात नवऱ्याने विचारलं, जिरं कुठे आहे? मी म्हटलं, दुसऱ्या कप्प्यात, आणि मधलं बोट रिकामं झालं. तिथे काय होतं ते आजही आठवलेलं नाही.

पुढच्या वेळी मी नवऱ्याला बजावलं की मी खालून आले की मला काही विचारायचं नाही. तो शहाणा माणूस शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसता हातवारे करायचा. पातेल्याकडे बोट, मग मिठाकडे, मग प्रश्नार्थक चेहरा. मी हसायला लागायचे आणि जलप्रलयातला निम्मा भाग वाहून जायचा. शेवटी मी युक्ती काढली. काकांचं बोलणं मी डोक्यातल्या डोक्यात आमच्या दवाखान्यात ठेवायला लागले: प्रश्न रिसेप्शनवर, गोष्ट वेटिंग रूममध्ये, चाल एक्स-रेच्या खोलीत. हे जमलं. पण ज्या आठवड्यात पाठात भाऊ धाकट्या भावाला विहिरीत टाकतात, त्याच्या सोमवारी एका पेशंटला मी, बसा, भाऊ तुम्हाला आता विहिरीतून वर काढतील, असं म्हणण्याच्या अगदी बेतात होते.

रविवारी मी टाइप केलेलं पान काकांना द्यायचे. मथळे, खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे. काका चष्मा वर करून बघायचे.

"ही किराणाची यादी आहे."

"काका, सगळे मुद्दे आलेत."

"आलेत. ओळीत उभे आहेत, बसची वाट बघत."

दुसरी अडचण अशी की मान्नाबद्दलचा त्यांचा प्रश्न कायम एकच असायचा आणि उत्तर दर शनिवारी वेगळं. मी म्हणायचे, काका, एक पक्कं करा, मी त्याच्यावर टिक करते. ते म्हणायचे, उत्तर त्या संध्याकाळी येईल. काकू सोलकढीचा पेला पुढे सरकवत म्हणायच्या की चाळीस वर्षं हा माणूस लोकांना ट्रेनची वेळ सांगत होता, पण स्वतःची कधी सांगितली नाही. लग्नाचा आठवडा आला तोवर माझ्या फायलीत मान्नाची भरपूर उत्तरं जमली होती, सगळी वेगळी, आणि काकांना त्यातलं एकही नको होतं. रात्री त्यांना झोप लागत नाही असं काकूंनी सांगितलं.

लग्न गुरुवारी संध्याकाळी होतं. हॉलमध्ये बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. नवरी मोठ्या खुर्चीत बसलेली, मी आणि काकू तिच्या दोन्ही बाजूंना. पलीकडच्या खोलीत नवऱ्या मुलाचं टेबल होतं. लग्नविधीच्या आधी नवरा मुलगा तिथे बसून धर्मग्रंथावर बोलतो. अचानक पलीकडून असा गलका झाला की नवरीच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक हललं. टेबलं बडवणं, पाय आपटणं, शंभर गळ्यांचं गाणं. गलका थांबला. परत सुरू झाला. मग दार उघडून काका बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ते म्हणाले, मुलाला बोलू देत नाहीत. त्याने कागद काढला, दोन वाक्यं बोलला, आणि सगळं टेबल उठून गायला लागलं. तो थांबला, परत बोलायला गेला, परत तेच. त्याचे मित्रच पुढे होते. बिचाऱ्याने शेवटी कागद खिशात घातला.

"स्वतःच्या पोराला असं करतात," काका म्हणाले. "मग माझं काय करतील?"

काकू उठल्या आणि विहीणबाईंना गाठून परत आल्या. खुलासा असा होता: ही रीतच आहे. प्रत्येक नवऱ्या मुलाला अडवतात. कारण सगळीच मुलं विद्वान नसतात, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची लग्नाच्या दिवशी फजिती होऊ नये. म्हणून बोलता येणाऱ्यालाही अडवायचं, न येणाऱ्यालाही, म्हणजे कोण कोणता ते कोणाला कळतच नाही. आजचा मुलगा तर फार हुशार, तरी त्यालाही अडवलं.

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. मग ते हसायला लागले. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि डोळे पुसले. किती शहाणे लोक, ते म्हणाले, किती शहाणे लोक. त्यानंतर त्या रात्री ते इतके नाचले की व्याह्यांचा एक भाऊ त्यांना दोन्ही हातांनी धरून गोल फिरवत होता आणि त्यांची टोपी दोनदा दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावर सापडली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला फोन केला. आवाज एकदम हलका. म्हणाले, प्रश्न सुटला. मला तीन वाक्यं पुरे आहेत. तिसऱ्या वाक्याला ते गायला लागतील, मी खाली बसेन. उत्तर लागतच नाही.

मला हे फारच पटलं. तीन वाक्यं आम्ही फोनवरच इंग्लिशमध्ये घासूनपुसून तयार केली आणि मी डायरीतलं 'प्रवचन' खोडलं. त्या रात्री व्याह्यांकडच्या जेवणाला सगळे इतके दमलेले होते की कोणी भाषण केलंच नाही, नुसती गाणी झाली, आणि काकांची खात्रीच पटली. अडवायची ती रीत फक्त नवऱ्या मुलासाठी आहे की सगळ्यांसाठी, हे विचारायचं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. माझ्या एवढ्या याद्यांत ती एक ओळ नव्हती.

शनिवारी दुपारी मी हेंडनहून गोल्डर्स ग्रीनला चालत गेले, कारण त्या घरासमोर शब्बाथला गाडी उभी करणं बरं दिसलं नसतं. डायरीही घरी ठेवली. रस्ताभर माझा हात पर्सकडे जात होता आणि पर्सच नव्हती.

घरात एका कमानीने जोडलेल्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत लांब टेबलाभोवती पुरुष, मागच्या खोलीत आम्ही बायका. टेबलावर पाव, मासे, आणि व्याह्यांच्या समोर त्याच पाच खंडांच्या त्यांच्या घरच्या संचातला एक, कडा झिजलेला. पुरुष शब्दांवाचून एक संथ चाल गात होते. उजेड कमी होत गेला, कोणी दिवा लावला नाही, आणि मला अगदी आमच्या खालच्या मजल्यावर बसल्यासारखं वाटलं. मग व्याही म्हणाले की आता आमचे व्याही बोलतील. काका उठले. खांदे मागे, दोन्ही हात टेबलावर, चेहऱ्यावर बेफिकीर हसू.

"रानात मान्ना पडायचा," ते इंग्लिशमध्ये म्हणाले. "कोणी जास्त गोळा केला, कोणी कमी. घरी जाऊन मोजला, तर सगळ्यांचा सारखाच भरला."

आणि ते थांबले. हात जरासा वर, बसायच्या तयारीत.

कोणी गायलं नाही.

एका म्हाताऱ्या गृहस्थाने कानामागे हात धरला. काका हसले आणि तिसरं वाक्य परत म्हणाले, जरा मोठ्याने, शेवटचा शब्द लांबवून, म्हणजे कोणाला चाल धरायची असेल तर धरता यावी. दोन तरुण पोरं पुढे वाकली. व्याह्यांनी ऐकण्यासाठी डोळे मिटले. काकूंनी माझा हात असा पकडला की बांगडी रुतली. आता नीट विचार केला तर सगळ्या कथेत थांबायला याहून वाईट जागा सापडली नसती. इथे थांबलं की कोणीही माणूस पुढे काय, असंच म्हणणार.

"हो," व्याही डोळे मिटूनच म्हणाले. "मग?"

काकांनी कमानीकडे बघितलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "अगं, हे अडवत का नाहीत?"

"मला काय विचारता?" काकू म्हणाल्या. "बोला आता."

आणि अंधार पुरेसा झाला होता म्हणून असेल, किंवा पायाखालची जमीनच गेली होती म्हणून, काका बोलायला लागले. मराठीत. बोटं टेबलावर वाजायला लागली. पहिल्या दिवशी ठीक आहे, ते म्हणाले, पहिल्या दिवशी त्या जास्त गोळा करणाऱ्याला माहीत नव्हतं. पण त्याने मोजून बघितलं, सारखंच भरलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत जास्त गोळा करायला का वाकला? वेडा होता का? कंबर त्याचीच होती ना?

व्याह्यांनी डोळे उघडले आणि काय म्हणतायत ते विचारलं. सगळ्यांनी नवरीकडे बघितलं. नवरीला घरातलं मराठी येत होतं, कीर्तनातलं नाही, आणि शिवाय तिला हसू आवरत नव्हतं. तिने तोंडावर रुमाल धरून माझ्याकडे बोट दाखवलं.

मी कमानीत उभी राहिले. हातात काही नाही. दवाखान्यातली माणसं घाबरून खुर्चीत बसतात तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते मला कळलं. काका एक लांबलचक तान घेऊन थांबले, गोष्टीत एक तंबू, एक पहाट आणि दव आलेलं होतं, आणि मी इंग्लिशमध्ये म्हटलं, "ते विचारतात, दुसऱ्या दिवशी तो परत का गेला?"

"एवढंच नाही म्हणालो मी," काका मराठीत म्हणाले.

"दव मी नंतर घालते, काका. तुम्ही पुढे चला."

ते पुढे गेले, आणि जे उत्तर आलं ते माझ्या फायलीत कुठेच नव्हतं. ते म्हणाले, त्या माणसाच्या शेजारी एक म्हातारा राहायचा. त्याला वाकता यायचं नाही, मूठभरच मिळायचा. मोजायची वेळ आली की याच्या मापातला वरचा भाग गुपचूप शेजाऱ्याच्या मापात जायचा. पहिल्या दिवशी याला वाटलं, आपलं कमी झालं. रात्री त्याने शेजारच्या तंबूतून म्हाताऱ्याचा ढेकर ऐकला, आणि त्याला कळलं. मग दुसऱ्या दिवशी तो वाकला तो स्वतःसाठी नाही. आणि त्या दिवशी त्याची कंबर दुखली नाही.

मी हे सांगत असताना ढेकर या शब्दाला टेबलावरची निम्मी माणसं हसली आणि उरलेली निम्मी कंबरेच्या वाक्याला गप्प झाली. काकांना ते दिसलं. त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, आता ही बाई बघा, आणि माझ्याकडे हात केला. हिला वाटतं ही स्वतःसाठी भाजी आणते. दर शनिवारी दोन पिशव्या भरते. आणि माझी वाक्यं गोळा करून जिना चढते, ती कोणासाठी? हिचा नवरा मुकाट्याने स्वयंपाक करतो, तो कोणासाठी?

सगळे माझ्या भाषांतराची वाट बघत होते.

"ते भाजी बाजाराचं एक उदाहरण देतायत," मी म्हटलं.

"नीट सांग," मागून काकू म्हणाल्या. "सगळं सांग. नवऱ्याचंसुद्धा."

मग मी सगळं सांगितलं, जिऱ्यासकट. मला वाटतं त्या घरात त्या टेबलावर इतकं हसू आधी झालं नसावं. म्हाताऱ्या गृहस्थांचा हात कानावरून पोटावर आला होता. काकांनी ती संधी साधून एक ओळ गायली, स्वतःचीच, तिथल्या तिथे जुळवलेली, मापाला सारखं, मापाला सारखं. शब्द कोणाला कळले नाहीत, पण चाल सगळ्यांनी उचलली, आणि टेबल असं वाजायला लागलं की माशांची ताटली चालत चालत व्याह्यांपर्यंत गेली. गाणं थांबलं तेव्हा व्याही उठून टेबलाला वळसा घालून आले आणि काकांच्या कोपराला धरून म्हणाले:

"आमच्या घरी या प्रश्नाला दर वर्षी कोणीतरी उत्तर देतं आणि दुसरा कोणी लगेच ते पाडतो. आज पाडायला कोणी उठलं नाही."

नवरी आता हसत नव्हती. ती कमानीच्या कडेला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि वडिलांकडे ताठ मानेने बघत होती.

खिडकीबाहेर तारे दिसायला लागले होते. विहीणबाई शब्बाथ संपवायच्या विधीसाठी वेणीसारखी विणलेली मेणबत्ती आणि लवंग-दालचिनीची डबी घेऊन दाराशी आल्या. काका अजून उभेच होते. काकू कमानीपर्यंत गेल्या.

"अहो, पुरे आता. लोकांना दिवे लावायचेत."

"थांब गं," काका म्हणाले. "अजून दुसरा मुद्दा आहे."

व्याह्यांनी मला विचारलं काय म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी बायकोच्या हातातली डबी घेऊन टेबलावर ठेवली, स्वतःची खुर्ची काकांच्या जवळ ओढली आणि बसले.